मले दुसरा ‘बीए’ नाई व्हाचं

गावात त्यांना नावानं कोणी हाक मारत नाही. लहानथोर सगळे ‘बीए’ म्हणतात. बीएची बंडी, बीएचं वावर, बीएचं पोट्टं. १९९६ साली अमरावती विद्यापीठाची पदवी घेतली तेव्हा गावात पदवीधर दोन-तीनच होते. नोकरी लागली नाही. वडिलांचं पाच एकर वावर अंगावर आलं, तेही खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, सगळं वरच्या पावसावर. पदवीचं टोपणनाव झालं. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघूनच ठरवायचं.

मी समुपदेशक. फेब्रुवारीत ते मुलाला घेऊन माझ्याकडे आले. हरभरा सोंगायला आला होता, तरी दिवस मोडून आले. (दोघांना विचारून लिहितेय, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) हातात खताच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यातून त्यांनी आधी एक चुरगळलेला कागद काढला: टीसी मिळण्याबाबत प्राचार्यांना अर्ज, मुलाच्या अक्षरात. दप्तरात सापडला होता.

“मॅडम, याले समजून सांगा. बीएस्सीचं पयलं वरीस हाये अजून. टीसी काढतो अन् चाकणले जातो म्हनते. मी ज्या कॉलेजात शिकलो तेच कॉलेज हाये. मायं नाव हाये तिथं.”

मुलगा खिडकीबाहेर बघत होता. दोन विषय राहिले होते, फिजिक्स आणि केमिस्ट्री. गावातला मित्र ठेकेदारामार्फत चाकणला लागला होता. सहा जणांत एक खोली आणि महिन्याला घरी पैसे.

आमच्या भागात हा प्रश्न नवा नाही. निकाल लागले की आठवड्याला एखादं तरी घर तो घेऊन येतं. डिग्रीला आता किंमत काय राहिली, मग तीन वर्षं घालवायची कशाला? माझं उत्तर तयार असतं, ते मी दिलं. पोलीस भरतीला बारावी चालते, पण तलाठी, राज्यसेवा, बँकेच्या परीक्षा, बीएड, या सगळ्यांना पदवी लागते.

मुलगा पहिल्यांदा माझ्याकडे वळला. “मॅडम, डिग्री फॉर्म भराले लागते. नोकरी लागाले नाई.”

मला हसू आलं, आणि आपलं उत्तर संपलं हेही कळलं.

वडिलांनी मग मोठी माणसं काढली. भाऊसाहेब, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख, पापळसारख्या खेड्यातून ऑक्सफर्डपर्यंत गेले, १९३२ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, म्हणून कास्तकाराचं पोट्टं कॉलेजची पायरी चढलं. हे त्यांनी आपल्या वडिलांकडून ऐकलेलं, आणि त्यात काही खोटं नाही. पण पोरगाही काही कमी नव्हता. “ज्याच्या नावाचं विद्यापीठ हाये, ते गाडगेबाबा कुठं कॉलेजले गेल्ते?”

आता अमरावतीचं विद्यापीठ गाडगेबाबांच्या नावाचं आणि नागपूरचं तुकडोजी महाराजांच्या. दोघांपैकी कोणाच्याही वाट्याला फारशी शाळा आली नाही. मी म्हटलं, “खरंय बाबू. पण ताट विका, हातावर भाकर घेऊन खा, पण पोरं शिकवा, हेही गाडगेबाबांनीच सांगितलं ना?” तो म्हणाला, “ताट विकून झालं मॅडम. पुढं काय?”

आणि मग ते वाक्य आलं, वडिलांकडे न बघता. “मले दुसरा बीए नाई व्हाचं.”

वडील पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिले. जे नाव ते तीस वर्षं मिरवत होते, ते पोरगा शाळेत असल्यापासून शिवीसारखं ऐकत आला होता. खेळताना पोरं म्हणायची, “तुया बाप बीए झाला अन् वखर हाकते.” हे घरी कधीच बोललं गेलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात दोघांना पुन्हा बोलावलं. या वेळी वडिलांना एकच काम दिलं. कॉलेजातला कुठलाही एक दिवस सांगायचा. त्यातून मुलानं काय शिकावं, ते सांगायचं नाही. हे काम वाटतं तेवढं सोपं नसतं. तीन वेळा ते “आमच्या काळी” वर गेले, तीन वेळा मी हात वर केला.

शेवटी डबा आला. ते तालुक्याला खोली करून राहायचे, चौघं मिळून. डबा गावाहून सकाळच्या एसटीनं यायचा. आई भल्या पहाटे उठून भाकर थापायची, आजोबा कंडक्टरच्या हातात डबा द्यायचे, आणि हा पोरगा स्टँडवर उभा. डब्यावर ऑइलपेंटनं नाव लिहिलेलं. एकदा पोळ्याच्या सुमारास पूर आला, तीन दिवस गाडीच बंद.

“तीन दिवस मी काही मांगतलं नाई,” ते म्हणाले. “पन ताटलीत भाकर येऊन पडे. कोनी टाकली ते बी समजू नाई देत. चौथ्या दिवशी मायाच डब्यात ठेचा जास्त आला, मायनं तीन दिवसाचा भरला व्हता. मंग चौघं खाऊन खाऊन रडलो, तिखटानं.”

पिशवीतून त्यांनी लॅमिनेशन केलेली पदवी काढली आणि तिच्या मागे चिकटवलेला ग्रुप फोटो. बोट ठेवत गेले. हा तहसीलात बाबू आहे, सातबाऱ्यावरची चूक यानंच दुरुस्त करून दिली. हा विमा एजंट. आणि हा...

“हे तर कृषी केंद्रवाले काका,” मुलगा एकदम म्हणाला.

पेरणीच्या वेळी बियाणं उधार देणारे काका. मुलगा त्यांना लहानपणापासून ओळखत होता. ते बापाचे खोलीमित्र आहेत हे मात्र त्याला माहीत नव्हतं. फोटो हातात घेऊन तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, “माया तर कॉलेजात एक बी मित्र नाई.”

“काऊन?” वडिलांनी विचारलं. आठवडाभरात त्यांनी विचारलेला हा पहिला खरा प्रश्न.

“कोनी येतच नाई ना बाबा. निम्मे क्लासले जातात अमरावतीले, निम्मे कामाले. प्रॅक्टिकलच्या दिवशी आठ जन असतो. एक सर तासिकेवर होते, तेही दिवाळीनंतर गेले. मी एकटा बेंचवर बसून काय करू?”

माझ्यापुरती गाठ इथे सुटली. बाप ज्या कॉलेजची बाजू लढवत होता, त्या कॉलेजात पोरगा कधी गेलाच नव्हता. इमारत तीच, फाटक तेच. पोराला तिथे प्रवेश मिळाला होता, कॉलेज मिळालं नव्हतं. वडिलांची निष्ठा खोटी नव्हती, मुलाचा कंटाळाही खोटा नव्हता. दोघं एकाच नावाच्या दोन वेगळ्या जागांबद्दल भांडत होते.

हे समजलं म्हणून कॉलेज बदलत नाही. मला तसं भासवायचंही नाही. सातत्यानं शिकवणारा माणूस नसेल तर समुपदेशकानं पोराला ‘मन लाव’ सांगणं ही मला लबाडी वाटते. म्हणून आम्ही हिशेबाला बसलो. नव्या शैक्षणिक धोरणात पहिलं वर्ष पूर्ण करून बाहेर पडता येतं. चाळीस क्रेडिट, म्हणजे विषय निघाला की मिळणारे श्रेयांक, हवेत आणि वर चार क्रेडिटचं कौशल्याचं काम, की प्रमाणपत्र मिळतं. तीन वर्षांच्या आत परत येऊन पुढे शिकता येतं. मिळवलेले क्रेडिट विद्यार्थ्याच्या क्रेडिट-खात्यात सात वर्षं राहतात. पण राहिलेल्या विषयांचे क्रेडिट खात्यात पडतच नाहीत. आज टीसी काढली तर वर्ष गेलं आणि हातात काही नाही. उन्हाळी परीक्षेत दोन्ही विषय काढून गेला तर काहीतरी बांधून नेलं म्हणायचं. बीएस्सी नकोच असेल तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून नोकरी करता करता बीए करता येतं. १९८९ पासून हजारो नोकरदारांनी ते केलंय, आणि ती पदवी स्पर्धा परीक्षेला चालते.

‘बीए’ शब्द ऐकून दोघंही हसले. एकमेकांकडे बघून नव्हे, पण एकाच वेळी.

ठरलं ते एवढंच. मुलगा उन्हाळी परीक्षा देईल आणि तोवर रोज सकाळच्या गाडीनं कॉलेजला जाईल, तास होवो न होवो. राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घालेल, कारण तिथे निदान माणसं भेटतात. वडील तोवर चाकणला नाही म्हणणार नाहीत. वडिलांना हे शेवटचं कलम जड गेलं. पिशवी आवरताना म्हणाले, “मॅडम, कॉलेजनं मले नोकरी नाई देल्ली. पन तहसीलात जाऊन मी खुर्चीवर बसतो, उभा नाई राहत. हे याले कसं सांगू?” मी म्हटलं, “मला सांगितलंत तसंच.”

जूनमध्ये केमिस्ट्री निघाली, फिजिक्स राहिली. म्हणजे प्रमाणपत्र नाही. सेवा योजनेच्या शिबिरात मात्र दोन मित्र झाले, एक दर्यापूरकडचा, एक मेळघाटातला. मृग निघून गेल्यावर वडिलांचा फोन आला. मागे पेरणीची गडबड ऐकू येत होती.

“गेलं मॅडम पोट्टं. चाकणले. त्या मेळघाटच्या पोट्ट्याले बी घेऊन गेलं संगं.”

मी काय बोलावं याचा विचार करत होते, तेवढ्यात ते म्हणाले, “पन टीसी नाई काढली त्यानं. मी ऑफिसात जाऊन पाहून आलो.”