पत्नीचे पूर्वज स्कॉटलंडहून न्यूझीलंडला आले म्हणतात. हातात फक्त एक नाव आणि घरात सांगितली जाणारी कथा आहे. मूळ गाव कसं शोधायचं?

आधी त्या पूर्वजाचा नाद सोडा आणि त्याच्या बायकोचं माहेरचं आडनाव काढा. जॉन मॅकडोनाल्डसारख्या नावांची माणसं स्कॉटलंडमध्ये पैशाला पासरी होती. नुसत्या नावावर शोधत बसलात तर पैसे जातील आणि हाती काही लागणार नाही.

मी न्यूझीलंडच्या ओटागो प्रांतातल्या डनेडिनला असते, सासर इथलंच, स्कॉटिश वंशाचं. आमच्या घरची कथा अशी की मूळ पुरुष स्काय बेटावरच्या एका जमीनदाराचा धाकटा मुलगा. थोरल्या भावाशी भांडला आणि 1848 साली 'फिलिप लेंग' जहाजाने इथे आला. ओटागोची वसाहत ज्या दोन जहाजांनी सुरू झाली त्यातलं हे एक, त्यामुळे त्यावर आपला माणूस असणं हा या गावात मोठा मान. आत्येसासूबाई ही कथा रंगवून सांगत. भांडण, वादळ, किनारा, सगळं तपशिलात. बायकोबद्दल मात्र एकच वाक्य, "मग त्याने लग्न केलं." कोणाशी, कुठे, ती कुठली, काही नाही. मला ते वाक्य दर वेळी लागायचं.

त्याची मृत्यूनोंद मागवली तर आईवडिलांच्या रकान्यात 'माहीत नाही'. न्यूझीलंडच्या जुन्या जनगणनेचे घरोघरचे तक्ते नष्ट केलेले, त्यामुळे तीही वाट बंद. आत्येसासूबाई म्हणाल्या, कागद नाहीत तर कथाच खरी. मला हे अजिबात मान्य नव्हतं. त्याची बायको त्याच्यामागे बरीच वर्षं जगली आणि लेकीच्या घरी वारली. 1876 पासून इथल्या मृत्यूनोंदीत जन्मस्थळ, आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनाव, लग्न कुठे झालं, देशात किती वर्षं राहिली, इतकं सगळं लिहून घेत. माहिती देणारी तिची लेक होती, आणि लेकीला आईचं सगळं ठाऊक होतं. लग्नाचं गाव, पेझली.

पेझली हे ग्लासगोजवळचं विणकरांचं गाव. काश्मिरी शालींच्या नकला तिथल्या मागांवर इतक्या विणल्या गेल्या की आपल्या कोयरीला आज जगभर त्याच गावाच्या नावाने ओळखतात. स्कॉटलंडमध्ये सरकारी नोंदणी 1855 साली सुरू झाली. तिथल्या लग्नाच्या नोंदीत वर आणि वधू दोघांचेही आईवडील असतात, दोन्ही आयांच्या माहेरच्या आडनावांसकट, बापांच्या धंद्यासकट. 'स्कॉटलंड्स पीपल' या त्यांच्या सरकारी साइटवर त्याचं सामान्य नाव आणि तिचं माहेरचं आडनाव एकत्र टाकलं, तर जुळणारी एकच जोडी निघाली. लग्न 1858 चं. म्हणजे कथेतलं 1848 चं जहाज बाद झालं. वराच्या वडिलांचा धंदा हातमागाचा, म्हणजे जमीनदारीही गेली.

स्काय मात्र खोटं नव्हतं. 1851 च्या जनगणनेत प्रत्येकाचा जन्म कुठल्या पॅरिशमधला, म्हणजे कुठल्या चर्चच्या हद्दीतला, हे लिहिलेलं असतं. त्यात वधूच्या आईचा जन्म पोर्ट्रीचा निघाला, आणि पोर्ट्री स्कायवरच आहे. बेट त्या बाईचं होतं. पुढच्यांनी ते उचलून जावयाच्या नावावर चढवलं. आत्येसासूबाईंना नोंद दाखवली तर म्हणाल्या, "घराण्याची कथा घराण्याच्या बाजूनेच सांगतात." मग पोरं कडेवर घेऊन अर्ध्या जगाचा समुद्र ओलांडून आलेली ती बाई कोणाच्या घराण्यातली?

नेमका हाच वाद माझा माहेरी काकांशी चालू आहे. त्यांनी आमचा कुलवृत्तांत छापला. मुलग्यांच्या नोकऱ्या, पदव्या, बदल्यांची गावं, सगळं त्यात आहे. मुलींपुढे 'कन्या दोन, विवाहित'. सुनांची फक्त सासरी ठेवलेली नावं. माझ्या आजीचं माहेरचं नाव त्या जाड पुस्तकात कुठेही नाही. काका म्हणतात, माहिती मिळाली नाही. आजी त्यांच्याच घरात होती, विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. तिकडे पेझलीतल्या विणकराच्या बायकोचंही माहेरचं आडनाव शेवटच्या नोंदीपर्यंत टिकलेलं असतं. दुसऱ्या आवृत्तीत सुनांची माहेरची नावं येणार नसतील तर माझंही नाव छापू नका, असं मी काकांना कळवलंय.

तुमच्यापुरतं सांगायचं तर न्यूझीलंडमधून सरकारी दाखल्याऐवजी मूळ नोंदीचं प्रिंटआउट मागवा, स्वस्त पडतं. बायकोच्या मृत्यूनोंदीत लग्नाचं गाव नसेल तर 1876 पासून पुढे जन्मलेल्या एखाद्या मुलाची जन्मनोंद बघा, तिच्यातही आईवडिलांचं लग्न कुठे झालं ते असतं. 'पेपर्स पास्ट' या साइटवर न्यूझीलंडची जुनी वर्तमानपत्रं फुकट वाचता येतात, मृत्यूच्या बातमीत कधी कधी गावाचं नाव सापडतं. आडनावावरून कुळ आणि टार्टन, म्हणजे कुळाचं म्हणून सांगतात ते चौकटीचं कापड, विकणाऱ्यांच्या नादी लागू नका, त्यातून गाव कळत नाही.

आणि हो, मृत्यूनोंद सांगणाऱ्याला जेवढं ठाऊक तेवढीच खरी. आमच्या नोंदीतली लेक जाणकार होती, तुमच्याकडे शेजाऱ्याने सांगितलं असेल तर जपून. लग्न 1855 पूर्वीचं असेल तर चर्चची पुस्तकं चाळावी लागतील. 1843 साली स्कॉटलंडचं चर्च फुटलं आणि बाहेर पडलेल्यांच्या घरचे बाप्तिस्मे जुन्या चर्चच्या पुस्तकांत सहसा मिळत नाहीत. ओटागो ही त्या बाहेर पडलेल्या फ्री चर्चचीच वसाहत, म्हणून तुमचा माणूस इकडचा असेल तर हे आधीच लक्षात ठेवा.