कुळागरात रेंज गेली, आणि परतताना रस्ताच कळेना

प्रश्न: ताई, मागच्या रविवारी मैत्रिणीच्या वाढदिवसाची पार्टी होती, वाळपईच्या पुढे सत्तरीत तिच्या सासरचं कुळागर आहे तिथे. पोचल्या पोचल्या सगळ्यांची रेंज गेली. पण काय मस्त दिवस गेला म्हणून सांगू, खतखतं, सोलकढी, झऱ्यात पाय सोडून गप्पा, पोरं दिवसभर माडा-पोफळींत धावत होती, फोनची कोणाला आठवणच नाही. संध्याकाळी निघालो तर परतीचा रस्ता कोणालाच ठाऊक नाही, येताना सगळे मॅप लावून आलेलो. मैत्रिणीचा दीर बाइकवर पुढे आला म्हणून सुटलो. वाळपईत काजू घेतले तर रेंज होती पण नेट चालेना, आणि रोख पैसे कोणाकडेच नाहीत. वर माझ्या दहा वर्षांच्या मुलाला माझा नंबर पाठ नाही हे तिथे कळलं. आपण मोबाइलच्या फारच आहारी गेलोय का हो? – एक वाचक, फोंडा

उत्तर: आहारी गेलेल्या माणसाला असा दिवस काढताच येत नाही, तुम्ही तो मजेत काढलात, तेव्हा ती काळजी सोडा. अडलं ते एवढंच की रस्ता, पैसे, नंबर सगळं एका फोनवर सोपवलं होतं आणि फोनला त्यातलं बरंचसं नेटवरून आणावं लागतं.

आधी रस्त्याचं बोलू, कारण रेंज गेली की जीपीएस पण गेला असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या सॅटेलाइटचे सिग्नल फोन नुसते ऐकतो, चार सॅटेलाइट सापडले की आपण कुठे आहोत ते त्याला कळतं, सिमचा त्यात संबंध नाही. नेट लागतं ते नकाशा उतरवायला, आणि कुठला सॅटेलाइट कुठे आहे ही माहिती पटकन मिळवायला. नेट नसलं तर ती माहितीही सॅटेलाइटकडूनच येते, पण सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने, त्यामुळे अर्धं मिनिट किंवा त्याहून जास्तच लागतं, आणि पोफळींच्या दाटीत उभं राहून बघत बसलात तर सिग्नल मधेच तुटतो नि परत पहिल्यापासून. म्हणून मोकळ्यावर यायचं आणि जरा थांबायचं. निघायच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर गूगल मॅप्समध्ये त्या भागाचा ऑफलाइन मॅप उतरवून ठेवा, मग रेंजविना सुद्धा गाडीचा रस्ता दाखवतो.

तरी रस्ता डोक्यात असणं वेगळंच. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना शहरातले हजारो रस्ते पाठ करावे लागतात, २००० साली मेंदूवर संशोधन करणाऱ्या एलिनॉर मग्वायर यांनी त्यांच्या मेंदूचे स्कॅन केले तर जागा लक्षात ठेवणारा हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा दिसला. आपल्याला तेवढं नको, पण पुढच्या वेळी मुलाला खिडकीशी बसवा आणि उसगाव सोडलं की कुठलं देऊळ लागतं, पूल कधी येतो, कुठे वळायचं ते त्यालाच सांगू दे, पोरांना हे फार आवडतं.

पैशांचं म्हणाल तर पाचशेची नोट फोनच्या कव्हरमध्ये ठेवून द्या, विषय संपला. रेंज आहे पण नेट नाही अशा वेळी *९९# डायल करून सुद्धा यूपीआयने पैसे जातात, बँकेत दिलेल्या नंबरवरूनच करावं लागतं, पण सगळ्याच सिमवर चालत नाही, तेव्हा घरी एकदा करून बघा.

मुलाचं मात्र माझ्या मनाला लागलं. फोंड्याच्या बाजारात गर्दीत हात सुटला तर त्याने कोणाला काय सांगायचं? तुमचा आणि त्याच्या बाबांचा, दोन्ही नंबर या आठवड्यातच पाठ करून घ्या, शाळेत सोडताना रोज म्हणवून घ्या. आणि तातडीच्या मदतीचा नंबर ११२ पण सांगून ठेवा, आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्याही कंपनीची असली तर तो लागू शकतो.