क्यू शीट रद्दीत घालू नकोस

सोलापूर

प्रिय मुली,

तुझी पदवी आता दोन महिन्यांवर आली. ‘नाटकाची पदवी घेऊन पुढं करणार काय?’ असं घरी रोज विचारतात आणि तू ‘आत्मविश्वास वाढतो, स्टेज डेअरिंग येतं’ असं उत्तर देतेस, असं तू कळवलंस. हे उत्तर आधी टाकून दे. स्टेज डेअरिंग लग्नात माईक न सोडणाऱ्या मामाकडंही असतं. त्याला त्याचा पगार कोणी देत नाही.

पगार मिळवून देणारं शिक्षण तुझ्याकडं आहे, पण ते बहुतेक पडद्यामागं झालंय. भूमिका किती केल्यास ते राहू दे. विंगेत, प्रकाशाच्या टेबलाशी, कपडेपटात किती रात्री काढल्यास ते आठव.

शेवटच्या वर्षी तू रंगमंच व्यवस्थापन केलंस. त्याची क्यू शीट, म्हणजे प्रयोगात कोणत्या इशाऱ्यावर काय व्हायचं याचा तक्ता, कुठं आहे? शोधून काढ. तिचे रकाने बघ: क्यूचा नंबर, संहितेचं पान, कोणत्या शब्दावर किंवा हालचालीवर, काय व्हायचं, कोण करणार, किती सेकंदांत. क्यूच्या, म्हणजे इशाऱ्याच्या, थोडं आधी तू ‘स्टँडबाय’ (तयार राहा) म्हणायचीस आणि नेमक्या क्षणी ‘गो’. ‘स्टँडबाय’ ऐकलेल्यानं उलट ‘स्टँडबाय’ म्हणायचं, नुसती मान हलवायची नाही. अंधारात मान दिसत नाही, म्हणून हा नियम. रुग्णालयात डॉक्टरनं फोनवर औषध सांगितलं की नर्सनं ते लिहून घ्यायचं आणि परत वाचून दाखवायचं असतं, त्याचं कारणही हेच. सांगणाऱ्याला आपलं बोलणं पोचलं हे कळलं पाहिजे. ही सवय तुझ्या अंगात मुरलेली आहे. बाकीच्यांना ती नोकरीत लागल्यावर शिकवावी लागते, आणि तरी ते विसरतात.

दुसरी गोष्ट उलट्या मोजणीची. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलची ऑर्डर घेतली की आधी माल निघायची तारीख ठरते. तिथून मागं मोजत येतात: पॅकिंग, चेकिंग, शिलाई, कटिंग, विणाई, डाईंग, सूत. नाटकात तू हेच केलंस. प्रयोग 30 तारखेला, तर 29 ला रंगीत तालीम, 28 ला प्रकाश-ध्वनीसकट तांत्रिक तालीम, 22 पर्यंत पार्श्वसंगीत पक्कं, 18 पर्यंत सगळ्यांच्या हातातून संहिता सुटलेली. बिघडतंही सारख्याच जागी. रंगवलेलं सूत उशिरा आलं की माग थांबतात. कपडे उशिरा आले की वेषांतराला 20 सेकंद पुरत नाहीत हे थेट रंगीत तालमीत कळतं, आणि तोवर वेळ काढायला मधे दोन वाक्यं घालायलाही उशीर झालेला असतो. कारखान्याच्या ऑफिसात मुलाखतीला गेलीस तर हे असंच सांग. समोरच्याला सूत, माग, तारीख कळते; ‘नाट्यशास्त्र’ हा शब्द ऐकून तो फक्त हसेल.

आता अर्ज. ‘अनेक नाटकांत सहभाग’ या ओळीचा काही उपयोग नाही. अशी ओळ लिही: ‘12 जणांच्या संचाच्या 40 दिवसांच्या तालमींचं वेळापत्रक केलं; प्रयोगात 58 क्यू दिले; 22,000 रुपयांच्या खर्चाचा हिशेब पावत्यांसह दिला.’ हे आकडे नमुन्याचे आहेत, तिथं तुझे खरे घाल. फुगवू नकोस, कारण दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं. युवा महोत्सवातली एकांकिका 30 मिनिटांची असते आणि नेपथ्य लावून काढायला 10 मिनिटं मिळतात. त्या 10 मिनिटांत कोणी काय उचलायचं, कोणत्या दारानं, कोणत्या क्रमानं, हे ज्यानं ठरवलं त्याला गोदाम किंवा कार्यक्रम-व्यवस्थापन नवीन वाटणार नाही. अर्जाबरोबर पुरावा ठेव: क्यू शीटचा फोटो, वेळापत्रक, हिशेबाची वही. प्रमाणपत्रांवरचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरन् अक्षर जुळतं का तेही आत्ताच बघ. महोत्सवाच्या गडबडीत लिहिलेल्या प्रमाणपत्रांत आडनावं हमखास चुकतात, आणि दोन वर्षांनी दुरुस्त करून द्यायला तिथं ओळखीचं कोणी उरत नाही.

एका सवयीपासून मात्र जप. रंगमंचावर चूक झाली की आपण सांभाळून घेतो. सहकलाकार संवाद विसरला, तू त्याचा अर्थ तुझ्या वाक्यात घातलास, प्रेक्षकांना पत्ता लागला नाही. तिथं ही शाबासकीची गोष्ट. बँकेत, औषधांच्या दुकानात, हिशेबाच्या टेबलाशी असं सांभाळून घेणं म्हणजे गुन्हा. तिथं चूक झाल्या क्षणी वरिष्ठांना सांगायची असते, लेखी. नाटकातून आलेली हुशार मुलं नेमकी इथंच अडकतात. चूक झाकायचं कौशल्य त्यांच्याइतकं कोणाकडं नसतं.

याच्या उलट, तालमीनंतरच्या नोट्स घ्यायची सवय कधी सोडू नकोस. दिग्दर्शक बोलत असताना वाद घालायचा नाही, वहीत लिहायचं, दुसऱ्या दिवशी करून दाखवायचं. साहेबानं दहा जणांसमोर काम सुधारायला सांगितलं तर तोंड पाडून न बसणारी माणसं ऑफिसात फार कमी सापडतात.

भाषेचं थोडं सविस्तर लिहिते. प्रमाण उच्चार शिकताना तुझ्या बोलण्यातला सोलापुरी ‘बे’ काढायला तीन वर्षं गेली असतील. तो पुसून टाकू नकोस, बाजूला ठेव. आपल्या गावात एकाच काउंटरवर मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलणारी माणसं अर्ध्या तासात येतात. अक्कलकोटकडच्या कन्नड बोलणाऱ्या आजीला विम्याचा कागद समजावताना पुण्याच्या सभागृहातली मराठी कामाची नाही. वाक्य छोटं करणं, महत्त्वाच्या शब्दाआधी श्वास घेऊन थांबणं, समोरच्याचा चेहरा वाचून वेग बदलणं हे तुला येतं. कन्नड आणि तेलुगूची शंभर-शंभर वाक्यं उच्चारासकट पाठ कर. पाठांतराला तू कधीपासून घाबरायला लागलीस?

एक वेगळं क्षेत्रही सांगते. 1963 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज या डॉक्टरनं धडधाकट माणसाला रुग्णाचं सोंग शिकवून विद्यार्थ्यांना तपासायला दिलं. आज जगभर वैद्यकीय परीक्षांत असे रुग्ण वापरतात, आणि आपल्याकडंही 2019 पासून एमबीबीएसला रुग्णाशी बोलण्याचे धडे अभ्यासक्रमातच आहेत. या कामातली मेख बघ: पोटदुखी प्रत्येक विद्यार्थ्यासमोर तितकीच, तशीच दाखवायची. तिसऱ्या विद्यार्थ्यापुढं रंगात येऊन जास्त कळवळलीस तर तुझा अभिनय चांगला, पण त्याची परीक्षा चुकली. यावर पूर्ण पोट भरेल असं धरू नकोस. मात्र रुग्णालयात समुपदेशन किंवा जनसंपर्काच्या जागेला अर्ज करताना हे माहीत असावं.

राज्यसेवा आणि बँकांच्या परीक्षांना कोणत्याही शाखेची मान्यताप्राप्त पदवी चालते, तेव्हा ‘आमच्या पोरीला दारंच बंद’ हा घरचा घोर काढून टाक. बी.एड.चं मात्र आधी माहितीपुस्तिकेत बघ, तुझी पदवी कोणत्या अध्यापन विषयाला चालते ते. मुलांना नाटकातून शिकवणं हे मोलाचं काम आहे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयानं 1989 मध्ये त्यासाठी वेगळं पथकच काढलं. पण शाळेतली नोकरी पात्रतेच्या रकान्यावर ठरते, हौसेवर नाही.

मुलाखतीचं शेवटचं. हुतात्मा स्मृती मंदिराच्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज दहा बाय बाराच्या केबिनमध्ये माणसाला मागं रेलायला लावतो. आधी आवाज निम्म्यावर आण. हातवारे कोपरापासून खालचेच ठेव. प्रश्न संपल्यावर दोन सेकंद थांबून उत्तर दे; तालमीत ऐकायला शिकलीस ते इथं वापर. आणि वेळ पाळ. तालमीला ‘सहा म्हणजे साडेसहा’ चालून जातं, मुलाखतीला चालत नाही.

पुढच्या रविवारपर्यंत क्यू शीट, हिशेबाची वही आणि सगळी प्रमाणपत्रं एका फाइलीत लाव. अर्जाचा कच्चा मसुदा एका पानात लिही आणि घेऊन ये. लाल पेन माझ्याकडं आहे.

तुझी,
ताई