रेडिएटर गळतो आहे आणि प्लंबर म्हणतो, ‘पाइप जुने होते’

मिल्टन कीन्सहून एका वाचक भगिनींनी पत्र पाठवले आहे. स्वतःच्या मालकीच्या घरातील बैठकीची खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरचा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह (उष्णता कमी-जास्त करणारी तोटी) त्यांनी ओळखीच्या एका प्लंबरकडून बदलून घेतला. व्हॉल्व्ह त्यानेच आणला होता आणि मजुरीसह १८० पौंड त्यांनी बँकेतून चुकते केले. नवव्या दिवशी रेडिएटरखालचे जमिनीवरचे लॅमिनेट फुगलेले दिसले आणि रेडिएटरना गरम पाणी पुरवणाऱ्या बॉयलरच्या काट्यावरचा दाब रोज खाली येऊ लागला. प्लंबर म्हणतो, पाइप जुने आहेत, माझे काम चोख होते. पुन्हा येण्याचे तो ७० पौंड मागतो आणि पावतीवर ‘जुन्या पाइपांच्या गळतीची हमी नाही’ असे छापलेले आहे. दुसऱ्याकडून दुरुस्ती करून घेऊन तो खर्च याच्याकडून वसूल करता येईल का, असा त्यांचा प्रश्न आहे. शिवाय हा गृहस्थ मराठी मंडळातला असल्याने कोर्टाची भाषा करणे त्यांना जड जाते.

सप्रेम नमस्कार,

आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे, परंतु आजच नव्हे. दुसऱ्या प्लंबरला बोलावण्याआधी पहिल्याला त्याची चूक दुरुस्त करण्याची एक संधी, तीही लेखी आणि मुदत घालून, आपण द्यायला हवी. हा टप्पा गाळला तर पुढे आपली बाजू विनाकारण लंगडी पडेल.

इंग्लंडमध्ये अशा व्यवहारांना २०१५चा ग्राहक हक्क कायदा लागू होतो. त्याच्या कलम ४९ नुसार, व्यावसायिकाने सेवा वाजवी काळजी आणि कौशल्याने दिली पाहिजे, ही अट करारात लिहिलेली नसली तरी ती करारात आहेच असे मानले जाते. त्यामुळे आपल्याकडे लेखी करार नाही याची चिंता नको. व्हॉट्सॲपवरील बोलणे, पावती आणि बँकेतील नोंद एवढ्यावर करार सिद्ध होतो. ‘हमी नाही’ या छापील ओळीची भीतीही नको. कलम ५७ प्रमाणे निष्काळजी कामाची जबाबदारी अशा अटीने झटकता येत नाही. जे पाइप त्याने हातही न लावता सोडले त्यांच्यापुरता त्या ओळीला काही अर्थ असू शकेल, त्याने स्वतः बसवलेल्या जोडाला नाही.

आपल्या प्रकरणात आणखी एक गोष्ट आपल्या बाजूची आहे, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. व्हॉल्व्ह आपण दुकानातून आणून दिला असता तर वाद केवळ कारागिरीचा राहिला असता. परंतु वस्तू त्यानेच पुरवली आणि त्यानेच बसवली, म्हणून कलम १५ नुसार चुकीच्या पद्धतीने बसवलेली वस्तू ही करारात न बसणारी वस्तू ठरते. असा दोष पहिल्या ६ महिन्यांत दिसला आणि आपण दुरुस्ती किंवा बदली मागितली, तर तो मुळापासूनच होता असे गृहीत धरले जाते. तसे नाही हे दाखवण्याचे ओझे त्याच्यावर येते.

म्हणूनच सारे प्रकरण एका प्रश्नावर येऊन ठेपते: पाणी नेमके कुठून येते? पाइपला व्हॉल्व्ह जोडताना नटाच्या आत पितळेची किंवा तांब्याची एक बारीक कडी असते, तिला ऑलिव्ह म्हणतात. जुनी ऑलिव्ह तशीच ठेवून तिच्यावर नवा व्हॉल्व्ह चढवला, किंवा नट गरजेपेक्षा जास्त आवळून ती चेपली, तर जोड हळूहळू पाझरू लागतो. पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही आणि पाइप तापून-निवून आठवडा झाला की थेंब सुरू होतो, असेही घडते. आज संध्याकाळी तो भाग पूर्ण कोरडा पुसा, प्रत्येक जोडाभोवती टिश्यू पेपर गुंडाळा आणि कोणता कागद आधी ओला होतो त्याचा फोटो काढा. नटापाशी ओला झाला तर ‘पाइप जुने’ हे म्हणणे टिकणे कठीण. मात्र पाणी रेडिएटरच्या गंजलेल्या पत्र्यातून येत असेल, तर प्रामाणिकपणे सांगतो, त्याच्याविरुद्धचा दावा कमकुवत आहे आणि मी आपल्याला पुढे जाऊ नका असेच सांगेन.

नुकसान वाढू नये यासाठी वाजवी उपाय करणे ही आपलीही जबाबदारी आहे. भांडे ठेवा, लॅमिनेट उचलून वाळवा आणि बॉयलरच्या काट्याचे तारीख-वेळेसह रोज फोटो घ्या. दाब उतरला की पाणी भरत राहणे हा उपाय नव्हे. ताज्या पाण्याने यंत्रणेतील गंजरोधक रसायन पातळ होते. गळती अचानक वाढली आणि प्लंबर फोन उचलत नसेल, तर गळती थांबवण्यापुरते तातडीचे काम दुसऱ्याकडून करून घेण्यास आपण मोकळ्या आहात. त्या वेळी काढलेला व्हॉल्व्ह, नट आणि ऑलिव्ह पिशवीत घालून तारीख लिहून ठेवा आणि नव्या प्लंबरकडून दोषाचे कारण दोन ओळींत लिहून घ्या. हे तुकडे कचऱ्यात गेले की पुरावाही गेला.

पहिल्या प्लंबरला ईमेल करा, फोन नको. त्यात कामाची तारीख, गळतीची जागा आणि फोटो देऊन एवढेच लिहा की, कलम ४९ आणि ५५ नुसार हे काम ५ दिवसांत विनामूल्य पुन्हा करून द्यावे, अन्यथा दुसऱ्याकडून करून घेऊन त्याचा खर्च आणि जमिनीचे नुकसान आपल्याकडून वसूल करू. पाणी वाहते आहे म्हणून ५ दिवस. एरवी मी जास्त दिले असते. पुन्हा केलेल्या कामाचा खर्च त्यानेच सोसायचा असतो, त्यामुळे ७० पौंड देऊ नका. तो आला नाही किंवा जोड पुन्हा गळला, तर कलम ५६ नुसार किमतीत योग्य ती कपात, प्रसंगी संपूर्ण १८० पौंड, परत मागता येतात. जमिनीच्या नुकसानीची भरपाई त्याव्यतिरिक्त. जमीन जुनी असेल तर न्यायाधीश नव्या जमिनीची पूर्ण किंमत देतीलच असे नाही, हे आकडा मांडताना लक्षात ठेवा.

घराचा विमा असेल तर त्यातील ‘पाणी सुटणे’ या कलमाखाली लॅमिनेटचा दावा होऊ शकतो. विमा कंपनी सदोष व्हॉल्व्ह बदलून देत नाही, आणि आपण सोसायची एक्सेस रक्कम लॅमिनेटच्या खर्चाहून मोठी निघाली तर दाव्यात अर्थ नाही. क्रेडिट कार्डाने १०० पौंडांवर दिले असते तर १९७४च्या ग्राहक कर्ज कायद्याचे कलम ७५ वापरता आले असते. बँकेतून थेट पाठवलेल्या पैशांना ते लागू नाही.

शेवटचा मार्ग काउंटी कोर्टाचा. १०,००० पौंडांपर्यंतचे असे दावे ‘स्मॉल क्लेम्स’ म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांत चालतात, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि वकिलाची गरज सहसा पडत नाही; माझीही पडू नये. त्याआधी अंतिम पत्र पाठवून साधारण १४ दिवस द्या. पावतीवर व्यक्तीचे नाव आहे की कंपनीचे ते तपासा, कारण चुकीच्या पक्षावर मिळालेला निकाल वसूल होत नाही. मे २०२४ पासून अशा बहुतेक पैशांच्या दाव्यांत सुनावणीपूर्वी फोनवरची, सुमारे एक तासाची मोफत मध्यस्थी सक्तीची झाली आहे. आपल्या संकोचावर याच टप्प्यात उतारा मिळेल असे मला वाटते: मध्यस्थ दोघांशी स्वतंत्र बोलतो, समोरासमोर यावे लागत नाही, आणि तिथले बोलणे पुढे न्यायाधीशांसमोर जात नाही.

मंडळाच्या ग्रुपवर मात्र एक अक्षरही लिहू नका. तिथे चार जण मध्ये पडतील, तो अपमानाने हट्टाला पेटेल आणि व्हॉल्व्ह तसाच गळत राहील. ईमेल मात्र आज रात्रीच पाठवा, म्हणजे ५ दिवसांची मुदत उद्यापासून मोजता येईल.