चेकच्या ओळी कॉमेंट करायच्या तर हॅश नको

तुम्ही म्हणताय की कंपायलरचं आउटपुट तपासायला पायथनमध्ये फाइलचेकसारखं (एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पातलं, आउटपुट टेस्टमधल्या अपेक्षेशी ताडून बघणारं टूल) छोटं टूल केलंय आणि आता ओळ हॅशने सुरू झाली की ती सोडून द्यायची, अशी कॉमेंटची सोय त्यात घालायचीय. हॅश नका घेऊ. अशा टेस्टमध्ये चेकच्या ओळी, म्हणजे चेक हा शब्द, कोलन आणि आउटपुटमध्ये काय हवं ते, मुळातच कॉमेंटमध्ये लिहिलेल्या असतात, सीमध्ये दोन स्लॅशनंतर, एलएलव्हीएमच्या आयआर या मधल्या भाषेत सेमीकोलननंतर, आणि एक्स८६ च्या असेंब्लीत तर हॅशनंतरच, म्हणजे उद्या कोणी असेंब्लीची टेस्ट टाकली की तिच्यातल्या सगळ्याच चेक गायब. भाषेची कॉमेंट वेगळी आणि टूलची वेगळी, हे आधी पक्कं करा.

फाइलचेकमध्येही ही सोय २०२० मध्ये आली, एलएलव्हीएम ११ मध्ये. त्याआधी आम्ही चेकच्या आधी एक्स चिकटवायचो नाहीतर पुढचा कोलन उडवायचो. मी एकदा टेस्टमध्ये नुसती टीप लिहिली होती, 'फिक्समी: इथे आधी होतं चेक-नॉट: कॉल', आणि फाइलचेक चेक हा शब्द ओळीत कुठेही शोधतो, त्यामुळे ती टीपच चालू चेक झाली. चेक-नॉट म्हणजे पुढचा मजकूर आउटपुटमध्ये नसावा, आणि तो तेव्हा नव्हताच, त्यामुळे टेस्ट हिरवीच राहिली, कित्येक महिने कोणाच्या लक्षातच आलं नाही, आणि मग एका साध्या बदलाने टेस्ट पडली तेव्हा मी अख्खी दुपार ऑप्टिमायझरमध्ये, म्हणजे कोड वेगवान करणाऱ्या कंपायलरच्या भागात, चूक शोधत बसलो.

म्हणून त्यांनी काढलेला मार्गच घ्या: सी, ओ, एम ही तीन कॅपिटल अक्षरं आणि कोलन. ओळीत हे आधी आलं की त्याच ओळीत पुढे कितीही चेक असू देत, सोडून द्यायच्या. तुमच्या कोडमध्ये यासाठी फाइल वेगळी परत चाळू नका, चेकचे आणि कॉमेंटचे प्रीफिक्स, म्हणजे चेक, कॉम असे सुरुवातीचे खुणेचे शब्द, एकाच रेगेक्समध्ये (मजकुरातला नमुना शोधायच्या सूत्रात) शोधा, जो आधी सापडेल तो खरा, आणि तो कॉमेंटचा निघाला तर थेट ओळीच्या शेवटी उडी मारा. फक्त प्रीफिक्सच्या लगेच आधी अक्षर, आकडा, हायफन किंवा अंडरस्कोर असेल तर तो धरू नका, नाहीतर टेलिकॉमसुद्धा कॉमेंट होईल. चेकला नेक्स्ट, नॉट अशी शेपटी लागते तशी कॉमला लागू देऊ नका. एकच शब्द चेकचा आणि कॉमेंटचा असा दोन्हींचा प्रीफिक्स म्हणून दिला तर सरळ एरर द्या. आणि सगळ्या चेक कॉमेंट होऊन एकही उरली नाही तर टेस्ट पास नाही, फेल झाली पाहिजे, हे तर अजिबात विसरू नका.

फाइलचेक रनलाही, म्हणजे टेस्टसाठी कोणती कमांड चालवायची ते सांगणाऱ्या ओळीच्या खुणेलाही, कॉमेंटच मानतो, कारण रनच्या कमांडमध्येच चेक आणि कोलन आले तर ती ओळ पॅटर्न समजली जायला नको. पण टेस्ट चालवणाऱ्या लिटला कॉम माहीतच नाही! कॉम लिहून पुढे रन ठेवलंत तर लिट ती कमांड चालवणारच, आणि आधी एक्स लावून एक्सरन केलंत तरी चालवणार, कारण लिट रन आणि त्याला चिकटलेला कोलन एवढंच शोधतो, त्याच्या आधी काय आहे ते बघत नाही. तिथे एक्स रन आणि कोलनच्या मधे घाला, म्हणजे रनएक्स आणि मग कोलन, की ती ओळ थांबते.