वडिलांनी कमावलेलं शरीर मुलात उतरतं का?

तुमचा प्रश्न: चार वर्षं जिम करतोय, नुकतंच लग्न झालंय, मूल व्हायच्या आधी शरीर कमावलं तर ते मुलात उतरेल का, आणि कमावलेलं पुढच्या पिढीत उतरतं म्हणणारा फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क सगळाच चुकला होता का.

उतरत नाही. दंड तुमचे, ते तुमच्याबरोबरच जाणार.

माझे वडील पैलवान. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात मोडलेल्या कानांवरून माणसं त्यांना लांबून ओळखायची. आजोबांचेही कान तसेच. मी जन्मलो तेव्हा चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, माझे कान चाचपून पाहिले होते म्हणे. कान शाबूत! तरी दहाव्या वर्षी तालमीत घातलं, कारण 'पैलवानाच्या पोटी पैलवानच येतो'. सहा वर्षं पहाटे उठून हौदा उकरला, जोर काढले, बैठका मारल्या. शेवटी गावच्या यात्रेत पन्नास रुपयांच्या कुस्तीत माझ्याहून बारीक पोरानं मला दोन मिनिटांत चितपट केलं. घरी आल्यावर तात्या वडिलांना म्हणाले, "आईच्या वळणावर गेलंय. माळकऱ्यांचं रक्त." आई चुलीपाशी होती. तिनं ऐकलं.

तात्यांचं हुकमी पान म्हणजे खाशाबा जाधव. गोळेश्वरचे, वडील दादासाहेब पैलवान, म्हणून १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक आलं. अहो, पण खाशाबा पाच भावांत धाकटे. रक्त पाचही जणांना एकाच घरचं होतं ना? अंगकाठी वारशानं येते, नाही कोण म्हणतं? पण ती आजोबांनी घाम गाळायच्या आधीपासूनची असते. खाशाबांना वडिलांकडून लहानपणापासून माती मिळाली, शिकवण मिळाली. ती रक्तातून येत नाही.

कमावलेलं पोरांत उतरतं, हे लामार्कनं १८०९ मध्ये मांडलं आणि शिव्या एकट्यानं खाल्ल्या. डार्विनलाही ते बऱ्यापैकी पटत होतं, १८६८ मध्ये त्यानं त्यासाठी स्वतःचा एक सिद्धांतच रचला. मग वाइसमान या जर्मन जीवशास्त्रज्ञानं पाच पिढ्या उंदरांची शेपटं कापली. ९०१ पिल्लं झाली, एकही बिनशेपटीचं नाही. आता शेपूट कापणं म्हणजे सराव नव्हे, हा आक्षेप मला मान्य आहे. आमच्या घरचे कानही त्यातलेच. पण वाइसमानचा खरा मुद्दा पेशींचा होता. जोर मारून स्नायूच्या पेशी फुगतात; बीजाच्या, म्हणजे ज्यातून मूल होतं त्या पेशी वेगळ्या, त्यांना तुमच्या जोर-बैठकांचा हिशोब कळत नाही. रशियात लिसेन्को या शेतीतज्ज्ञानं याउलट, म्हणजे कमावलेलं उतरतंच, असं धरून ठेवलं, सत्ता त्याच्या बाजूला होती, आणि त्याला विरोध करणारा वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव १९४३ मध्ये तुरुंगात मेला. तात्यांच्या हाती सरकार नव्हतं हे नशीब.

आता थोडं मागं येतो, कारण वर मी जरा जास्तच ठाम बोललोय. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली. त्या काळात गर्भ राहिलेल्यांच्या जनुकांवरच्या रासायनिक खुणा साठ वर्षांनंतरही वेगळ्या सापडल्या, हे २००८ मध्ये छापून आलं. याला लगेच 'लामार्क जिंकला' म्हणू नका. तिथं पोटातलं मूल स्वतःच उपाशी होतं. हे वाचलं आणि मी तात्यांकडे गेलो. मी १९७३ चा. बहात्तरच्या दुष्काळात आई मला पोटात घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडत होती, सुकडी खात होती. घरच्या एकुलत्या म्हशीचं दूध जात होतं पैलवानांच्या खुराकाला. म्हटलं, तात्या, वळणाचं राहू द्या, दूध कुणी प्यालं ते सांगा. तात्या उठून गोठ्याकडे गेले. माझं शरीर त्यामुळंच असं झालं, असा माझा दावा नाही. कदाचित मी कुस्तीतच कच्चा असेन.

तेव्हा जिम करा, हरकत नाही, तब्येतीला चांगलंच. पण बायकोला दिवस गेले की प्रोटीनच्या डब्याआधी तिच्या ताटात काय पडतं ते बघा, आणि आधी कुणाला वाढलं जातं तेही.

राहिलं एक, नाहीतर तासगावचे द्राक्षवाले मला धरतील. वेलाच्या एखाद्या डोळ्यात बदल झाला तर त्या फांदीच्या काडीतून तो पुढं जातो. थॉमसन या द्राक्षाच्या जातीतून तास-ए-गणेश ही जात तशीच निघाली. पण तो बदल आपोआप झालेला, वेलानं काही बैठका मारल्या नव्हत्या. आणि आपल्याला काडी लावून पोरं होत नाहीत.