टोकियोत भाषेची अडचण

प्रश्न : आम्ही दोघं साठीपुढचे, मुलाकडे टोकियोला चाललो आहोत. तो दिवसभर ऑफिसात. जपानी येत नाही. वाट चुकलो, सामान हरवलं तर काय करायचं? - एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, बिनधास्त जा. मुलाकडून घराचा पत्ता जपानी लिपीत, मोठ्या अक्षरांत लिहून घ्या आणि दोघांच्याही पाकिटात ठेवा, एकाच्याच नको. शिंजुकू स्टेशनाला दोनशेच्या आसपास बाहेर पडायच्या वाटा आहेत. तिथे भलेभले चुकतात. अशा वेळी जवळची 'कोबान', म्हणजे छोटी पोलीस चौकी गाठा आणि चिठ्ठी पुढे करा. रस्ता दाखवणं हे त्यांचं रोजचंच काम आहे. मी स्वतः पाहिलंय, हवालदाराने नकाशा काढून पेन्सिलीने वळणं आखून दिली होती.

गाडीत पिशवी राहिली तर लगेच स्टेशनातल्या कर्मचाऱ्याला गाडीची लाइन आणि वेळ सांगा. वस्तू परत मिळण्याची आशा तिथे खरंच मोठी असते. अँब्युलन्सला 119, पोलिसांना 110. पासपोर्ट कायम जवळ हवा, तसा कायदाच आहे.

औषधांचं मात्र आत्ताच बघा. स्यूडोएफेड्रीन (चोंदलेलं नाक मोकळं करणारा घटक) 10 टक्क्यांहून जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्या जपानात नेता येत नाहीत. डॉक्टरांना पट्टी दाखवून विचारा.